मनुबाईंचं ‘आले, आले!’

सकाळचा चहा उकळत होता, पीठ अर्धं मळून झालं होतं, आणि दार वाजलं.

रहिमतपूरच्या आमच्या बोळात दार कुणाचंही वाजो, ‘आले, आले!’ असा जबाब समोरच्या मनुबाईच देतात. दूधवाला माझी कडी वाजवतो, ओरडतात मनुबाई. पोस्टमन पलीकडच्या घरी येतो, तरी मनुबाईच. गेल्या वर्षीच्या त्या सकाळी मात्र समोरून काहीच आलं नाही. मी पिठाच्या हातानंच दार उघडलं. मनुबाईंचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले गुंडाभाऊ, अनवाणी उभे होते.

“वयनी, मनू बोलंना झालीय.”

मेंदूत रक्तस्राव झाला होता. सांगलीच्या दवाखान्यात त्या वाचल्या. महिन्याभरात जीभ पूर्ववत चालू लागली. बोळाला हायसं वाटलं, थोडी धास्तीही. उजवा हात मात्र लुळाच राहिला. तेव्हापासून त्यांच्या घरी भाकरी गुंडाभाऊ थापतात.

“ह्यांची भाकरी बघा,” मनुबाई मला दाखवतात. “पालथी घातली तर डोस्क्यावर टोपीगत बसंल. सरकारनं फौजेत उगाच लोखंडाच्या दिल्या.”

“खातीस की पन,” गुंडाभाऊ म्हणतात.

“खाती न्हाई, फोडती.”

त्या दवाखान्यात पल्लवी नावाच्या तरुण डॉक्टर अशाच रोग्यांचा अभ्यास करत होत्या. त्यासाठी मनुबाईंचे तीन एमआरआय व्हायचे होते: लगेच, तीन महिन्यांनी आणि वर्षानं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. रक्त साकळतं तिथं इजा होतेच. पण तिथून हाताकडे उतरणारी मेंदूतली वाट पुढे, लांबवर, नंतरचे कित्येक महिने झिजत राहते. या तपासणीत त्या वाटेतल्या पाण्याची हालचाल दिसते. वाट धड असली की पाणी तिच्या रोखानं सरकतं. झिजली की कुठंही पसरतं.

“म्हंजी पाटाचं पानी व्हय!” मनुबाई म्हणाल्या. “पाट धड तर उसाला, फुटला तर सगळ्या वावरात. मग बाई, माजा पाट हाय का गेला, एवढं सांगा. मला भाकरी थापायची हाय.”

पहिली तपासणी ग्लानीत पार पडली. दुसऱ्या वेळी मनुबाई शुद्धीवर होत्या, तिथंच घोळ झाला. ते यंत्र आतून ठकठक वाजतं. ठकठक झाली, की मनुबाई आतून “आले, आले!” म्हणायच्या आणि मान उचलायच्या. सगळं चित्र फिसकटलं.

“अवं, दार वाजल्यावर गप ऱ्हायाचं? मानूस म्हनंल, घरात कोन मेलं का काय!”

वर्षाची शेवटची तपासणी उरली. तीही बिघडली तर पाटाचं काय झालं ते कळायचंच नाही. म्हणून आधी आठवडाभर आम्ही तालीम केली. मनुबाई खाटेवर, मी लाटण्यानं परात बडवायची, गुंडाभाऊ उशाशी: “मने, झोपूनच सावधान!” पहिल्या दिवशी सात वेळा ‘आले’ झालं. तिसऱ्या दिवशी दोनदा. सहाव्या दिवशी खरोखरच दार वाजलं आणि मनुबाई हूं की चूं करेनात. बाहेर दूधवाला घाबरून गुंडाभाऊंना हाका मारू लागला.

सांगलीला मी बरोबर गेले. अंगावरचं सोनंनाणं, मोबाइल सगळं बाहेर ठेवून त्या खोलीत त्यांच्या पायाशी बसले. अर्धा तास ठकठक, घरघर, धाडधाड. मनुबाई दगड. शेवटी यंत्र थांबलं आणि डॉक्टरांनी माइकवरून विचारलं, “मावशी, बऱ्या आहात ना?” उत्तर नाही. “मावशी?” उत्तर नाही. डॉक्टर धावत आत आल्या, तोंड पांढरं पडलेलं. मी सांगू लागले, तोवर दारातून गुंडाभाऊंचा खणखणीत आवाज आला,

“मने, विश्राम!”

मनुबाईंनी डोळे उघडले. “झालं? कोन आलंतं?”

दुपारी डॉक्टरांनी चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. पहिल्यात निळी वाट जाड होती. आताच्यात बारीक झाली होती, तीही रक्त साकळलं होतं तिथून बरीच खाली. पण अखंड होती.

“झिजलीय, तुटलेली नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “हात किती येईल ते आज मला खरंच सांगता येणार नाही. तेच कळावं म्हणून तर हा अभ्यास चाललाय.”

मनुबाईंनी डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून सरळ केली. परतीच्या गाडीत त्या कराडपर्यंत गप्प होत्या. गुंडाभाऊ दोनदा मागं वळून ‘विश्राम’ म्हणाले, तरीही.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“वयनी, उद्या सकाळी तुमच्याकडं येती. एक भाकरी मला थापू द्या.”