नकाशेवाली यानातच राहिली असती तर

भिंतीपलीकडचं भांडण ऐकू नये, हे मला कळतं. पण आमच्या आणि शिंपीमास्तरांच्या घरामधली भिंत होती एका विटेची. तिकडे कुणी शिंकलं की आमचे हे इकडे रुमाल शोधायचे. त्यामुळे ऐकू नये म्हटलं तरी कानांना कुठे बुचं घालणार?

त्या संध्याकाळी मी भांडी पुसत होते. मास्तरांची बायको म्हणाली, "तीन दिवस झाले, ताटाकडे धड बघत नाही तुम्ही. टीव्हीतली एक बाई यानातून उतरली, म्हणून?"

"उतरली नाही, उतरवली तिला," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं नकाशे काढून सगळ्यांना वाट दाखवली तिने. आणि एका बर्फाच्या चंद्रावर तिला ठेवून हे आपले निघाले पुढे. कारण तरी सांगायचं!"

"आणि मी गेले तर?"

मास्तर हसले. ते हसणं मी या कानांनी ऐकलंय. "तू कुठे जातेस? नाक्यापर्यंत जायचं तर दोनदा परत येतेस, किल्ली विसरली म्हणून."

मग पलीकडे कुणीतरी नळ जोरात सोडला आणि पुढचं काही कळलं नाही.

आठ महिन्यांनी ती गेली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात दहा वर्षांची लेक. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, ही त्यांना द्या. जेवण झाकून ठेवलंय म्हणावं." भावाच्या गावी गेली ती, आणि तिथेच राहिली.

मास्तरांचं दुकान आमच्याच इमारतीत, जिन्याच्या खालच्या खोलीत. नवे कपडे ते शिवत नसत, फक्त दुरुस्ती. कंबर सैल करा, बाही आखूड करा, थोरल्याचा कोट धाकट्याला बसवा. म्हणायचे, "माणसं जाड-बारीक होत राहतील तोवर मला मरण नाही." गळ्यात टेप, कानावर खडू, आणि चष्मा कपाळावर ठेवून सगळ्या दुकानात चष्मा शोधणं, असा त्यांचा दिवस जायचा. आमचे हे गेल्यावर दुपारचं घर मला खायला उठलं, तेव्हा मी खाली जाऊन त्यांच्याकडे काजं-बटणं करायला लागले. माझी शाळा चौथीतच सुटली, पण काज मात्र असं करते की गिऱ्हाईकं बोट फिरवून बघतात.

ती यानाची मालिका बाप-लेक मिळून बघायचे. गुरुवारी सात वाजता. लेक कापडाच्या गठ्ठ्यावर बसायची, बाप खाली जमिनीवर. मी एक-दोनदा डोकावले होते. यान कसलं, पाण्याची टाकी आडवी करून ठेवल्यासारखं दिसायचं. आत एक कॅप्टन, एक डॉक्टर, चार-दोन इतर, आणि ती नकाशेवाली.

मायलेकी गेल्यावर मास्तर दर गुरुवारी मालिका संपली की फोन लावायचे. आज काय झालं, कुणाला गोळी लागली, कोणता ग्रह दिसला. पहिली दोन वर्षं लेकही भरभरून बोलायची. मग "बाबा, अभ्यास आहे" सुरू झालं. चौदाव्या वर्षी फोन मामी उचलायला लागली, आणि मग मास्तरांनीच लावायचं सोडलं. माणसाला किती वेळा "घरात नाहीये ती" ऐकवणार?

त्यानंतर त्यांनी लिहायला घेतलं. मापांच्या जुन्या वह्यांची मागची पानं कोरी असायची, त्यावर. नकाशेवाली त्या चंद्रावर उतरलीच नाही, यानातच राहिली, तर मालिका पुढे कशी गेली असती, हे त्यांना लिहायचं होतं. लिहून झालं की स्वच्छ अक्षरात उतरवायचं, पाकिटात घालायचं, आणि शनिवारी चार वाजता लेकीच्या पत्त्यावर टपालात टाकायचं. सोबत चिठ्ठी नाही, कशी आहेस नाही. नुसती गोष्ट.

"चिठ्ठी लिहा की दोन ओळींची," मी म्हटलं.

"चिठ्ठीला उत्तर द्यावं लागतं, वहिनी. पोरीवर ओझं नको." पण टपालवाला जिन्यात दिसला की यांचं मशीन थांबायचं. एक ओळ यावी, एवढ्यावर या माणसाचा आठवडा टांगलेला असायचा. टपालवाला वर निघून गेला की मशीन पुन्हा चालू.

दुपारी ते मला वाचून दाखवायचे. मी काजं करत ऐकायची. मला वाटलं होतं, सोपं असेल. बाई गेली नाही म्हणायचं आणि पुढे चालायचं. मास्तरांनी पँट पुढ्यात ओढली. "ही बघा. गिऱ्हाईक म्हणतं, फक्त कंबर आवळा. कंबर आवळली की मागचे खिसे एकमेकांना चिकटतात. खिसे सरकवले की पायाची घडी तिरकी पडते. तसंच आहे हे. खऱ्या मालिकेत तिच्या रिकाम्या खोलीत तो बडबड्या स्वयंपाकी येतो. आता ती राहिली म्हणजे त्याला खोली नाही. तो आला नाही, तर त्याच्या हातून ते विषारी मूळ शिजत नाही. मूळ शिजलं नाही, म्हणजे डॉक्टर मरत नाही. डॉक्टर जिवंत, म्हणजे कॅप्टन तसा कडू होत नाही. एक बाई थांबवायची, तर अख्खं यान उसवावं लागतं!"

सहा वर्षं उसवत आणि शिवत होता हा माणूस. अकरा वह्या झाल्या. त्या यानातली मंडळी माझ्याही घरची झाली. भाजी घेताना मी विचार करायची, त्या डॉक्टरचा गुडघा बरा झाला असेल का. उत्तर मात्र एकही आलं नाही. पाकिटं परतही येत नसत, तेवढाच धीर.

एके दिवशी दुपारी ते वाचत होते. यान धुळीच्या ढगात सापडलेलं. नकाशेवालीने नकाशा पुढे केला, कॅप्टनने तिची पाठ थोपटली, सुटले सगळे. माझ्या तोंडून सहज गेलं, "मास्तर, ही बाई राहिली खरी. पण ती बोलत का नाही?"

"बोलते की."

"कधी? मी तर ऐकलं नाही. नकाशा देते, मान हलवते. नकाशा देते, मान हलवते."

त्यांनी वही मागे चाळली. मग दुसरी काढली. मग कपाटातून उरलेल्या काढल्या. इस्त्री तापून वास सुटला तरी लक्ष नाही. मीच उठून बटण बंद केलं. शेवटची वही चाळून म्हणाले, "तशी गरजच पडली नाही."

"कुणाला?" मी म्हटलं.

बोलून गेले आणि जीभ चावली. मास्तरांनी वह्या मिटल्या. त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलले. "ही सहा काजं." "हा गुलाबी दोरा." तीन शनिवार पाकीट गेलं नाही. चार वाजता ते दुकानातच बसून राहायचे, नसलेली सुरकुती दाबत. मी घरी येऊन स्वतःला शिव्या घालायची. म्हातारे, त्या माणसाकडे एवढी एकच गोष्ट होती, आणि तीही तू टोचून ठेवलीस.

चौथ्या आठवड्यात जिन्यातून हाक आली. "वहिनी, जरा या."

दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मालिकेच्या तिसऱ्या वर्षापासून सगळं उसवून पुन्हा लिहायला घेतलं होतं त्यांनी. "तिला बोलायला लावलं," म्हणाले. "आता थांबतच नाही."

"म्हणते काय?"

"म्हणते, खिडकीजवळची जागा मला कधीच का मिळाली नाही? म्हणते, वाट मी काढते आणि नोंदवहीत 'कॅप्टनने वाट काढली' असं कसं? म्हणते, मला काय वाटतं हे दोन वर्षांत एकाने तरी विचारलं का?" मास्तर कात्री उघडत-मिटत होते. "आणि मग म्हणते, मला उतरायचंय."

"उतरू नका देऊ. लेखणी तुमच्या हातात आहे."

"चार प्रकारे अडवून पाहिलं. दार बिघडवलं, वादळ आणलं, तिला ताप आणला. कॅप्टनला माफी मागायला लावली. ती म्हणाली, ठीक आहे, माफ केलं, आता माझी पेटी द्या." ते खुर्चीत टेकले. "वहिनी, कपडा सैल करायचा तर शिवणीत कापड दाबलेलं असावं लागतं. असेल तेवढंच सोडता येतं. या कॅप्टनने आत काही ठेवलेलंच नाही हो."

त्यांनी तो भाग वाचून दाखवला. तिसऱ्या वर्षाचा नववा. कॅप्टन स्वतः तिची पेटी उचलून दारापर्यंत नेतो. दार ढकलून उघडतो. बाहेर बर्फ. तो तिला विचारतो, "तू कुठल्या बाजूला जाणार?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहतो. ती सांगते, बराच वेळ सांगते. तो सगळं ऐकून घेतो. मग ती जाते.

माझं एक काज वाकडं झालं. ते सोडवून पुन्हा केलं.

शनिवारी ते पाकीट गेलं.

नवव्या दिवशी टपालवाला दुकानाच्या दारात थांबला. जाड पाकीट. मास्तरांनी कात्रीने कड कापली आणि आतून त्यांचेच कागद बाहेर आले. परत पाठवलं पोरीने. मास्तरांचा चेहरा धुऊन वाळत टाकलेल्या सदऱ्यासारखा झाला. कागद तसेच मशीनवर ठेवून ते चष्मा शोधायला लागले. कपाळावरच होता, मीच तो खाली ओढला.

समासात पेन्सिलीने लिहिलं होतं. ते पुटपुटत वाचायला लागले. "यानाचं दार बाहेर ढकलत नाहीत. आत ओढतात. पहिल्या भागापासून." पान उलटलं. शेवटी आणखी दोन ओळी. "स्वयंपाक्याला आता तरी येऊ द्या. खोली रिकामी झाली आहे."

बस, एवढंच. नाव नाही, बाबा नाही.

"बघितलंत?" मास्तर म्हणाले. आवाज चढला होता. "चूक काढलीय माझी! सगळं वाचत होती, वहिनी. कार्टीने सहा वर्षं सगळं वाचलंय!" कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक तीनदा खाकरलं, तेव्हा कुठे ते भानावर आले.

लेक आली नाही, फोनही नाही. खोटं कशाला सांगू? तसंच एकट्याचं जेवण, तसाच एकट्याचा चहा, आणि भिंतीपलीकडे तीच शांतता. मास्तर छातीचं दुखणं अंगावर काढत होते. जिना चढताना मधे दोनदा थांबायचे आणि कुणी आलं तर बूट बांधत असल्याचं सोंग करायचे. पण त्या आठवड्यात त्यांनी गोष्टीतलं दार दुरुस्त केलं आणि स्वयंपाक्याला यानात घेतलं. मला वाचून दाखवताना त्याची बडबड अशी काही करायचे की माझ्या हातातली सुई थांबायची.

शनिवार आला. रविवारी सकाळी मास्तर उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. पण शनिवारी यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. चार वाजता त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, वर येऊन माझ्या दारावर टकटक केली.

"टपालात टाकून येतो, वहिनी. येताना काही आणायचंय?"

"पांढरा दोरा. चाळीस नंबर."

मी खिडकीतून पाहिलं. पाकीट कोटाच्या आत धरून त्यांनी रस्ता ओलांडला, टपालपेटीपाशी थांबून पत्ता एकदा वाचला, पाकीट आत सोडलं आणि पेटीवर दोन थापा मारल्या. मग कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. वर यायला वेळ लागला. जिन्यात बूट बांधून झाले असतील.

"चाळीस नाही मिळाला," दोरा पुढे करत म्हणाले. "पन्नास आणलाय. चाळीस सोमवारी येणार आहे म्हणे."

"चालेल की," मी म्हटलं.