भिंतीवरचं सूप

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत पहिला खिळा ठोकला तो मीच. ठोकला हा शब्द जरा मोठा झाला. हातोडीचा एकच हलका ठोका बसला आणि खिळा डोक्यापर्यंत आत गेला. सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंतीत असं होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बायको खालून पुढचा खिळा देत होती आणि स्पर्धेचे परीक्षक यायला चारच दिवस उरले होते. मी दुसरा खिळा घेतला.

आमचं गाव पवनीपासून फार लांब नाही. घराचा पुढचा भाग विटांचा, माझ्या नोकरीच्या काळात बांधलेला. मागचा मातीचा, वडिलांच्या वेळचा. मातीच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी गिलावा करून आम्ही तोही पक्का झाल्याचं जाहीर केलं होतं. स्वयंपाकघर याच भागात. भिंतीपलीकडे सांदवाडी, आमचं परसू; तिथे भिंतीला लावून रचलेली जळाऊ लाकडं, आणि सांदवाडीला लागून बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. भिंतीच्या अलीकडे आईची खाट. इथून देवावरही लक्ष राहते आणि सुनेवरही, असं ती म्हणायची. वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत.

तालुक्याच्या एका महिला मंडळानं त्या हिवाळ्यात स्पर्धा ठेवली होती. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून स्वयंपाकघराची एक भिंत सजवायची. बायकोच्या अंगात ही कला होती हे मला पस्तीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं, आणि त्यात दोष माझाच. चाळणीचा तिनं सूर्य केला, वाकलेल्या चमच्यांचे किरण. फुटक्या बांगड्यांचे मासे. डब्यांच्या झाकणांवर रंगवलेली कमळं. ताक घुसळायची रवी उलटी टांगून तिचं झाड. आणि सगळ्यांच्या मधोमध, बरोबर आईच्या खाटेच्या वर, बांबूचं जुनं सूप. त्यावर दाट रंगात धानाच्या लोंब्या आणि आरशाचे तुकडे.

भांडण त्या सुपावरून झालं.

आमच्या घरची पद्धत अशी की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे मारबतीची बाहुली मिरवत निघते तेव्हा, घरातलं मोडकं सूप आणि झिजलेला झाडू तिच्याबरोबर गावाच्या शिवेबाहेर टाकायचा. वर्षभराची रोगराई त्यात बसून जाते असं मानतात. हे सूप आईनं आदल्या पोळ्यालाच दाराशी काढून ठेवलं होतं. बायकोनं ते गुपचूप उचलून धानाच्या कोठीमागे लपवलं. विणकर आता राहिले नाहीत, असं सूप पुन्हा मिळणार नाही, हा तिचा मुद्दा. तोही खरा होता.

भिंतीवर ते दिसलं तेव्हा आईनं मला जवळ बोलावलं. मग मला म्हणाली, "बाबू, ते मारबतीच्या नावानं काढलेलं होतं. तिच्या वाट्याचं घरात ठेवत नाई."

मी हसलो. मारबतीकडे गावभरचा खोकला असतो, एका सुपावाचून तिचं काय अडणार, असं काहीतरी बोललो. ते वाक्य मला फार आवडलं होतं. नंतर दोन-तीन जणांना सांगितलंही.

परीक्षक तीन गाड्यांतून आले. माणसं पाच होती. पर्यावरणावर भाषण झालं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गुच्छ दिले-घेतले गेले, शाल आणि नारळ झाला. प्रमुख पाहुण्यांना भिंतीपुढे आजीबाईंसह फोटो हवा होता. आई खाटेवरून उठून अंगणात जाऊन बसली आणि गुडघे दुखतात म्हणाली. त्या वयात गुडघ्यांवर कोणी शंका घेत नाही. पाहुण्यांनी एकट्यानंच फोटो काढला, एक हात ऐटीत भिंतीवर टेकवून. आज तो फोटो पाहिला की माझं लक्ष फक्त त्या हाताकडे जातं. बायकोला दुसरं बक्षीस मिळालं. काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र तिनं सूर्याशेजारी लावायला सांगितलं. तोही खिळा तसाच गेला.

उन्हाळ्यात आईनं पहिल्यांदा सांगितलं की दुपारी सूप पाखडल्याचा आवाज येतो.

जेवणं झालेली असायची, घर आडवं झालेलं असायचं, आणि कोणीतरी हळूहळू धान पाखडतंय असा आवाज तिच्या डोक्याशी चालायचा. थांबायचा, पुन्हा चालायचा. मी एकदा येऊन उभा राहिलो. पंखा चालू होता, बाहेर ट्रॅक्टर होता, मला काही ऐकू आलं नाही. सकाळी तिच्या उशीवर बारीक लाल माती सापडायची. बायको ती झाडून टाकायची आणि उंदरांना नावं ठेवायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. वाळवीनं खाल्लेली कपाटं मी स्वतः जाळली आहेत. कपाट वरून जसंच्या तसं दिसतं आणि आत बोट घातलं की काही नसतं, हे मी नव्या नोकरांना शिकवायचो. वाळवी मला दहा पावलांवरून ओळखू येते, अशी माझी ख्याती मीच पसरवली होती.

पावसाळा लागला. बोडी भरून पाणी सांदवाडीच्या कुंपणाशी आलं. आषाढात एका दुपारी आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माही खाट बैठकीत टाक."

कायले, असं मी विचारलं.

"ते जागा मले नाई पायजे. मले तेथं झोप नाई येत, बाबू. भेव लागते."

आईला भीती वाटते हे मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. तिथेच उठून खाट हलवायला हवी होती. दोन माणसांचं दहा मिनिटांचं काम. पण बैठकीत टीव्ही होता, येणारे-जाणारे होते, आणि खरं कारण वेगळंच होतं. खाट हलवली असती तर मी मारबतीला मान दिल्यासारखं झालं असतं. मी तिला समजावलं. भिंत, माती, आवाज, म्हातारपण, यांवर बरंच बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि परत जाऊन त्याच खाटेवर पडली, तोंड भिंतीकडे करून.

श्रावण संपेपर्यंत ती तिथेच झोपली.

मारबतीच्या पहाटे मला डफड्याच्या आवाजानं जाग आली. रात्रभर पाऊस होता. चहासाठी स्वयंपाकघरात गेलो तर आई खाटेवर उभी, दोन्ही हात सुपाला. मी थांब म्हणेपर्यंत तिनं ते ओढलं.

सूप आलं, पण सूप म्हणावं असं त्यात काही नव्हतं. बांबू मागून पुरता खाल्लेला. हातात राहिला तो रंगाचा पापुद्रा आणि आरशाचे तुकडे. लोंब्या शाबूत होत्या. त्याच्याबरोबर ताटाएवढा गिलावा निघाला आणि आतून माती वाहू लागली. सावकाश, एकसारखी, तिच्या उशीवर. तो आवाज मी ऐकला. कोणीतरी धान पाखडत होतं.

तिला उचलून खाली घेतलं. मग त्या भगदाडात हात घातला. कोपरापर्यंत गेला. बोटांना पलीकडची, बोडीवरची गार हवा लागली.

आईनं सांगितलं ते शब्दशः खरं होतं. माती भिंतीतून झरून सुपातच पडत होती. तिनं फक्त सांगताना मारबतीचं नाव घेतलं, आणि मला तेवढंच ऐकू आलं.

तो पापुद्रा तिनं माझ्या हातात दिला. "आता तरी नेऊन दे," एवढंच म्हणाली. मी तो घेऊन पावसात शिवेपर्यंत गेलो. आजूबाजूला सगळे "घेऊन जाय गे मारबत" ओरडत होते. मी ओरडलो नाही, पण त्यांच्याबरोबर चालत गेलो आणि टाकून आलो.

दुपारपर्यंत देव, गॅस आणि खाट बैठकीत आणली. सूर्य आणि मासे काढायला बायको पुन्हा आत जायला निघाली, तिला मी हात धरून बसवलं. तिसऱ्या दिवशी, आम्ही जेवत असताना, भिंत पडली. फार आवाज झाला नाही. धानाचं पोतं कोणी खांद्यावरून खाली टाकावं तेवढाच. ती आतल्या बाजूला पडली, जिथे खाट होती तिथे. मातीच्या ढिगातून चमच्याचा एक किरण वर आलेला होता. बायको त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि ताट हातातच राहिलं.

आता आई बैठकीत झोपते. पण दुपारी टीव्ही बंद करायला लावते आणि विटांच्या भिंतीला कान लावून पडते. काही ऐकू येतं का, असं मी रोज विचारतो.

"सांगतलं का तू हासते," ती म्हणते, आणि कूस बदलते.

प्रमाणपत्र ढिगातून धड निघालं, काचेला तडासुद्धा नाही. परवा बायकोनं ते पुसलं आणि बैठकीत लावू म्हणाली. एक खिळा आणि हातोडी माझ्या हातात दिली. आई खाटेवरून बघत होती. मी हातोडी बाजूला ठेवली, खिळ्याचं टोक भिंतीवर टेकवलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं.

आत गेला नाही. पण मी फार जोरात दाबलाही नव्हता.