सालेहाबाई आणि सगळ्या जागांची पोरगी

सालेहाबाईंनी मैदानावर मारायला पाणी मागितलं, तेव्हा टँकरवरचा माणूस मोठ्यानं हसला. मग शाळेतल्या बाई आहेत हे ओळखून त्यानं हसू आवरलं.

"बाई, इथं प्यायला न्हाई, आन् तुमी मातीला पाजायला निघालात?"

त्याचं काही चुकत नव्हतं. त्या उन्हाळ्यात अहमदपूरच्या विहिरींचे तळ दिसत होते. टँकरचा भोंगा ऐकू आला की बायका चुलीवरची भाकरी तशीच टाकून हंडे घेऊन पळत. पण कबड्डीचं मैदान उकरून, पाणी मारून मऊ केलं नाही तर ते दगडासारखं होतं. एका पकडीत पोरींची कोपरं सोलून निघतात. आणि सालेहाबाईंना मैदान हवं होतं ते नेमकं यंदाच.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. त्याआधी इथल्या पोरींना जिल्ह्याच्या संघातून खेळायचं म्हणजे उस्मानाबाद गाठावं लागे. एसटी बदलत, धूळ खात पोचावं, तर निवड उरकून माणसं चहा पीत बसलेली असायची. आता जिल्हा आपला, संघही आपला. जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेचे सेक्रेटरी गुरुबसप्पा अण्णा अडतीचा धंदा सांभाळून गावोगाव फिरत. त्यांनी सालेहाबाईंना बजावलं होतं, "यंदा नांदेडला मराठवाड्याचे सामने हायत. पोरींचा संघ पाठवायचाच. घडवायचा तुमी."

सालेहाबाई मुलींच्या शाळेत खेळ शिकवत. माहेर नांदेडचं. वडील मोहियोद्दीन तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे, आणि लहानगी सालेहा दाराशी बसून बघत राहायची. डाव कुणी तिला शिकवले नाहीत, पण घरी येऊन ती ते भावांवर करून बघे. लग्न होऊन अहमदपूरला आली ती शिंप्याच्या घरात. नवरा रियाज स्टँडजवळच्या दुकानात मशीन चालवायचा. बायको पोरींना कबड्डी शिकवते म्हणून नातेवाईक कुजबुजत, तेव्हा रियाज मान वर न करता म्हणायचा, "शिकवू द्या. चड्ड्या मलाच शिवाव्या लागतात, मी काय बोललो का?"

पाणी मिळालं नाही म्हणून सालेहाबाई मऊ जमीन शोधत गावाबाहेरच्या तळ्यावर गेल्या. तळं कोरडं पडलं होतं आणि रोजगार हमीवर गाळ काढायचं काम चालू होतं. काठावर पुन्हा टँकर. पाण्याचा वास लागला आणि कुणाचं तरी दांडगं खोंड दावं तोडून माणसांमधून सुटलं. बाया घमेली टाकून पळाल्या. मुकादम गाडीवर चढला. जो तो खोंडाच्या मागं धावायला लागला. एक पोरगी तेवढी धावली नाही. ती दोन ढिगांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, आणि खोंड वळून नेमकं तिथंच आलं. तिनं आधी खांद्यानं त्याची मान वळवली, मग शिंगाला धरलं, आणि त्याचा रेटा ओसरेपर्यंत त्याच्याबरोबर चार पावलं मागं सरकत गेली. खोंड थांबलं. पोरगीही थांबली आणि तोंड भरून हसली.

सालेहाबाई ढेकळांतून तरातरा खाली उतरल्या. "नाव काय गं तुझं?"

"पंचशीला."

"कबड्डी खेळलीस कधी?"

"शाळेत हुते तवा. धाव्वी झाली, सुटलं."

"ते तिथंच येणार हे कसं कळलं तुला?"

पंचशीलेनं खांदे उडवले. "कुठं जाईल मग? दुसरीकडं माणसं हुती."

त्याच संध्याकाळी सालेहाबाई तिच्या घरी गेल्या. घरात दोघीच, पंचशीला आणि तिची आई कोंडाबाई. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली नीट घडी घातलेल्या गोधड्या. कोंडाबाईनं जय भीम केला, बसायला पोतं टाकलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "दिवसभर माती उपसायची आन् सांजच्याला त्याच मातीत लोळायचं? ह्याला काय म्हणावं बाई?"

"खेळ म्हणावं," सालेहाबाई म्हणाल्या. "शेंगदाणे-गूळ माझ्याकडं. घरापर्यंत सोडायची जबाबदारीबी माझी."

कोंडाबाईनं लेकीकडं पाहिलं. लेक आधीच चप्पल शोधत होती.

मैदान तळ्यातच झालं. काम सुटलं की पोरी जमत, गाळावर राखेनं रेषा मारत. गाळ असा भुसभुशीत की पाय घोट्यापर्यंत रुतायचा, पण पडलं तरी गादीवर पडल्यासारखं. पोरी इतक्या मळायच्या की कोण कुठली ते आवाजावरून ओळखावं लागे. त्यांत मूळची उदगीरकडची लक्ष्मम्मा होती. चणीनं बारकी, बोलण्यात कानडी ठसका, आणि चढाईला गेली की हाताला न लागणारी.

पंचशीलेला पाहून गुरुबसप्पा अण्णा हरखले. "उंच हाय, ताकद हाय. डाव्या कोपऱ्यात खिळा ठोकल्यागत उभी करा. पाय आला की घोटा धरायचा, बास!"

सालेहाबाईंनी तसं केलं नाही. आठवडाभर डावा कोपरा, मग उजवा. मग मधली जागा, जिथं अंगावर येणारीला छातीनं अडवून कंबर धरायची. मग साखळी, म्हणजे शेजारणीचा हात धरून दोघींनी मिळून घेरायचं. कोपऱ्यात पंचशीला पहिल्याच दिवसापासून वाघीण होती. मधे आली की लक्ष्मम्मा तिच्या काखेखालून निसटून जाई आणि पलीकडं जाऊन जीभ दाखवी.

एके दिवशी असं चार-पाच वेळा झालं. पंचशीला गाळातच फतकल मारून बसली.

"बाई, माझी जागा कोणती ते एकदाच सांगा. बाकी साऱ्या पोरींना जागा हाय. मीच हिकडून तिकडं फिरून राहिले. मला काय येत न्हाई म्हणून फिरवता का?"

सालेहाबाईंना उत्तर माहीत होतं, पण ते शब्दांत बसेना. त्यांनी खूप सांगून पाहिलं. पोरगी ऐकून घेई आणि पुन्हा कोपऱ्याकडं बघे. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग रविवारी सालेहाबाई तिच्या दारात उभ्या राहिल्या. "चल, नांदेडला जाऊन येऊ. माझ्या अब्बांना भेटवते."

मोहियोद्दीन आता खाटेवर बसूनच असायचे. दोन्ही गुडघे कुस्तीनं खाल्ले होते, पण मान अजून बैलासारखी. त्यांनी पंचशीलेला आधी पोटभर खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा खाऊ घातला. ती संकोचून 'बास' म्हणाली तर म्हणाले, "अगे, खाताना लाजतीस तर पकडताना काय करशील?" मग अंगणाच्या कोपऱ्यात उभं केलं आणि तिथं खेळणाऱ्या आपल्या नातीला मधून चालायला लावलं.

"काय दिसतंय?"

"ही दिसून राहिली की."

"ही न्हाई. पहिलं काय दिसतंय?"

पंचशीलेनं डोळे बारीक केले. "पाय."

"आता मधी ये. आता?"

ती मधे आली. नात समोरून आली. पंचशीलेनं तिच्या पायांवरून नजर वर नेली. मग हळूच म्हणाली, "कंबर. पाय हिकडं टाकते, पर कंबर तिकडं वळते."

"हां! पाय फसवतो बेटा, कंबर फसवत न्हाई. आता हिचा हात धर." म्हाताऱ्यानं सालेहाबाईंना तिच्या शेजारी उभं केलं. "आता काय दिसतंय?"

"काहीच न्हाई. पर बाईंचा हात कुठं वढतोय ते कळतंय."

मोहियोद्दीन एवढ्या जोरात हसले की खाट करकरली. "तू आंधळी हुतीस म्हणून तुला फिरवून राहिली ही. एका जागी एकच डोळा उघडतो." मग लेकीकडं वळून म्हणाले, "सालेहा, हे तू तिला सांगायला पायजे हुतं. मला कशाला तसदी?"

"सांगितलं अब्बा. तुमच्यासारखं जमलं न्हाई."

परतीच्या एसटीत पंचशीला खिडकीला बसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची कंबर बघत आली. कुणी वळायच्या आधीच सांगायची, "हा डावीकडं जाणार." आणि खरं ठरलं की टाळी वाजवायची. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

त्यानंतर लक्ष्मम्माची जीभ फारशी बाहेर आली नाही. कोंडाबाई एकदा लेकीला न्यायला म्हणून तळ्यावर आली, बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागली. खेळाचे नियम तिला कळले नाहीत, पण "धर, पंची, धर!" एवढं तिनं पक्कं करून टाकलं. तिच्या आवाजानं झाडावरची वटवाघळं उठायची.

नांदेडचे सामने आले. कोंडाबाईही पोरींबरोबर निघाली. रियाजनं सगळ्यांना पिवळे सदरे शिवले आणि पाठीवर 'लातूर' अशी निळ्या कापडाची अक्षरं बसवली. पोरी पाठ आरशाकडं करून करून थकल्या. मैदानात उतरल्यावर आणखी एक गंमत झाली. महिनोन्‌महिने गाळात रुतलेले पाय पक्क्या मातीवर हलके झाले होते. पहिल्या सामन्यात पोरी अशा उडत होत्या की त्यांचं त्यांनाच हसू येत होतं.

उपांत्य सामना पडला उस्मानाबादशी. जुनं घर ते. त्यांचे सेक्रेटरी गुरुबसप्पा अण्णांना म्हणाले, "काय अण्णा, वाटणी घेऊन गेलात, आता भांडायला आलात?" अण्णांनी हसून त्यांना पान दिलं, पण चुना लावायचं विसरले.

सामना शेवटाला आला तेव्हा गुण बरोबरीत होते आणि लातूरच्या दोनच पोरी आत उरल्या होत्या. डाव्या कोपऱ्यात पंचशीला, उजवीकडं एक काडीसारखी पोरगी. लक्ष्मम्मा बाद होऊन रेषेबाहेर नखं खात बसली होती. या दोघी गेल्या की लोण चढणार आणि सगळं संपणार. उस्मानाबादची लांब वेणीची पोरगी दम घेऊन आत शिरली आणि सरळ त्या काडीसारख्या पोरीवर गेली.

पंचशीलेनं कोपरा सोडला.

सालेहाबाईंच्या तोंडातून "कोपरा धर!" निघतच होतं. त्यांनी पदर तोंडावर दाबला. पंचशीला आवाज न करता मधे सरकत होती. वेणीवालीनं पाय लांबवला, काडीसारखी पोरगी मागं उडाली, पाय हुकला. वेणीवाली मधल्या रेषेकडं वळली, आणि समोर पंचशीला. वेणीवालीनं डावीकडं पाय टाकला. पंचशीला हललीच नाही. मग ती उजवीकडं वळली, आणि पंचशीलेनं तिला कंबरेला धरून अशी उचलली की दोन्ही पाय हवेत सायकल चालवत राहिले.

"धर, पंची, धर!" कोंडाबाई ओरडली. पकड होऊन गेली होती, शिट्टीही वाजली होती, तरी ती ओरडतच होती.

एक गुण मिळाला आणि लक्ष्मम्मा आत आली. उस्मानाबादच्या पुढच्या चढाईला दोघींनी हात धरून साखळी केली. या खेपेला पंचशीला उजव्या बाजूला होती आणि तिनं घोटा धरला. सामना लातूरचा झाला. गुरुबसप्पा अण्णांनी उस्मानाबादच्या सेक्रेटरीला मिठी मारली आणि दोघंही उगीचच डोळे पुसायला लागले.

अंतिम सामना मात्र औरंगाबादनं घेतला. त्या पोरी सरस होत्या, त्यांत काही म्हणायला जागा नव्हती. आपल्या पोरी घटकाभर रडल्या. मग कुणीतरी गोदावरीची आठवण काढली. नदी आटली होती, पण घाटाखाली कमरेएवढं पाणी होतं. इतकं पाणी एका जागी त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. सदऱ्यांसकट सगळ्या आत शिरल्या. कोंडाबाईही लुगडं खोचून उतरली आणि तिनं सेक्रेटरी अण्णांच्या अंगावर ओंजळ मारली. अक्षरांचं कापड रियाजनं स्वस्तातलं घेतलं होतं. निळ्या अक्षरांचा रंग सुटला आणि पिवळे सदरे पाठीवर हिरवे झाले.

तिथंच काठावर मुंबईहून आलेल्या एक बाई उभ्या होत्या. मुंबईतल्या एका मोठ्या कारखान्याचा मुलींचा संघ त्या सांभाळत. खेळायचं, कारखान्यात काम करायचं, पगार घ्यायचा. त्यांनी सालेहाबाईंना विचारलं, "ती उंच मुलगी नेमकी कुठल्या जागेवर खेळते?"

सालेहाबाई उत्तर जुळवत होत्या. पाण्यातून लक्ष्मम्मानंच ओरडून सांगितलं, "जिथं भोक पडंल तिथं!"

बाईंनी पंचशीलेला मुंबईच्या संघात मागितलं, तेव्हा कोंडाबाईला एकच गोष्ट विचारायची होती. "पोटभर जेवाया घालतील का? हिला भाकरी लई लागते." मुंबईच्या बाई हसत हो म्हणाल्या. कोंडाबाई मग थोडी रडली, थोडी हसली, आणि वाटेनं कोण भेटेल त्याला सांगत सुटली की लेक मुंबईला चालली.

दुसऱ्या वर्षी त्या कारखान्याचा संघ लातूरला प्रदर्शनीय सामना खेळायला आला. समोर जिल्ह्याचा संघ, सालेहाबाईंनीच घडवलेला, लक्ष्मम्मा त्याची कर्णधार. पंचशीला थोडी भरली होती. केस कापले होते. मैदानात पाऊल टाकण्याआधी ती धावत येऊन सालेहाबाईंच्या पाया पडली, आणि मग मधल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

लक्ष्मम्मा चढाईला गेली. डावीकडं हूल दिली, उजवीकडं वळली, काखेखालून सुटणार इतक्यात पंचशीलेनं तिला कंबरेत धरून अलगद जमिनीवर टेकवलं. जसं बाळ झोपवावं तसं. खाली पडल्या पडल्या लक्ष्मम्मानं तिला जीभ दाखवली.

सालेहाबाई उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवत सुटल्या.

"अहो बाई!" गुरुबसप्पा अण्णा हवालदिल होऊन त्यांचा पदर ओढायला लागले. "गुण त्यांना गेला! आपला संघ हिकडं हाय!"

बाईंना ऐकूच गेलं नाही. त्या वाजवतच राहिल्या, आणि शेजारी कोंडाबाई दोन्ही बाजूंच्या पोरींना एकदमच "धर, धर!" म्हणून ओरडत होती.