गोधडीतला कोरा चौकोन

आईचं आणि माझं वर्षभर बोलणं बंद होतं. कारण विचाराल तर एक कप चहा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बोईसरला, आई पामला. मधलं अंतर सहा आसनी रिक्षात बसलं की बोलता बोलता संपतं, पण रुसायचं ठरवलेल्या बायकांना अंतर लागत नाही. ती तिकडे वाडीत केळीला पाणी घालत होती, मी इकडे भाड्याच्या ब्लॉकमध्ये भांडी आपटत होते. दोघीही हट्टाला सारख्याच. माझा हट्ट कुणाकडून आला हे वेगळं सांगायला नको.

आधीचं थोडं सांगावं लागेल. लग्नानंतर काही वर्षांनी मला दिवस गेले, तेव्हा आईनं लगेच दुपटं शिवायला घेतलं. आईची गोधडी म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट होती. आजूबाजूच्या बायका आपली जुनी लुगडी तिच्या ओटीवर आणून टाकत आणि वर्षभर वाट बघत. ती कुणाला नाही म्हणत नसे आणि कुणाला वेळेवर देतही नसे. माझ्या बाळाच्या दुपट्यासाठी मात्र तिनं आपली लग्नातली पिवळी अष्टपुत्री फाडली. वहिनीनं मला हे हळूच येऊन सांगितलं होतं. दिवस भरत आले आणि बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. दुपटं अर्धवट राहिलं. ते कुठं ठेवलं हे मी विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही.

मी दवाखान्यातून घरी आल्यावर माणसं भेटायला येत. ‘अजून वय आहे’, ‘पुढच्या वेळी होईल’ असं म्हणत आणि चहा पिऊन जात. माझा नुसता संताप होई. वरच्या मजल्यावर हैदराबादकडचं एक कुटुंब राहायचं. त्यातल्या बाईंना सगळी बिल्डिंग अक्का म्हणायची. अक्का रोज दुपारी रसम-भात घेऊन यायची, माझ्याजवळ बसायची, केस विंचरायची आणि जायची. एक दिवस तिनं आपल्या हिंदीत सांगितलं, “मेरा लड़का तीन साल का था. बुखार में गया. मुझे मिलेगा. तुमको भी तुम्हारी बच्ची मिलेगी.” एवढंच. पुस्तक काढलं नाही, डोळे मिटले नाहीत. ‘उद्या गिरणीत जायचंय’ म्हणावं तितक्या सरळ आवाजात तिनं ते सांगितलं. मी खूप रडले, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

अक्का मॉर्मन होती. बोईसरमध्ये हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता, मीही नाही. येशूला मानणारी, पण चर्चची इमारत नाही, पाद्री नाही. दर रविवारी अक्काच्या हॉलमध्ये तीन-चार कुटुंबं जमत. पुरुष पाव आणि पाणी आशीर्वाद मागून सगळ्यांना देत. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून, ज्याला वाटेल त्यानं उभं राहून आपला अनुभव सांगायचा. पाठ केलेलं नाही, ऐकीव नाही, स्वतःवर बेतलेलं. बायकासुद्धा उभ्या राहत. मला तेच फार आवडलं. जन्मभर मी बायकांना देवासमोर फुलवाती वळताना पाहिलं होतं, देवाबद्दल चारचौघांत उभं राहून बोलताना पाहिलं नव्हतं. माझे मिस्टर आधी माझ्यावर नजर ठेवायला वर येत, मग पुढं येऊन बसायला लागले. वर्षाच्या आत आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला.

आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “देवाचं नाव घेतेस ना? घे.” मला वाटलं, सुटले! पण आमच्या ह्या धर्मात दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीलाही बंदी. यांची बिडी सुटली तेव्हा सासूबाईंनी साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली होती. चहाचं काय होईल याचा कुणी विचारच केला नव्हता.

गौरीच्या दिवशी पामला गेले. घर माणसांनी भरलेलं, मावशी, आत्या, शेजारपाजार. मी दोन मोदक खाल्ले ते कुणाला दिसले नाहीत. मग आईनं स्वतःच्या हातानं, गवती चहाची पात घातलेला चहा माझ्यापुढं धरला आणि मी म्हटलं, “मला नको. मी आता घेत नाही.”

आत्याच्या हातातली बशी तशीच राहिली. आईनं कप परत ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, “माज्या चुलीवरचं चालत नाय आता तुला?”

मी काय सांगणार, आणि ऐकणार कोण? आमच्याकडे ज्याच्या घरचा चहा नको त्याच्याशी नातंच नको, असा सरळ हिशोब. आई आत गेली ती बाहेर आलीच नाही. मीही पिशवी उचलली आणि तरातरा निघाले. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण रिक्षात बसल्यावर तो कप डोळ्यांपुढून हलेना.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्कानं गोधडीचं काढलं. रविवारी ज्या भिंतीकडे तोंड करून आम्ही बसत असू तिला ओल येऊन मोठा डाग पडला होता. तो झाकायला काहीतरी हवं होतं. अक्का म्हणाली, आपण चौघी एक गोधडी करू, प्रत्येकीचा एक चौकोन, आणि त्यात आपल्याला देव कुठं भेटला ते काढायचं. चौघी म्हणजे अक्का, अक्काची सासू, दवाखान्यात काम करणारी केरळची एक नर्स आणि मी.

चित्रकार आमच्यात कुणीच नव्हतं. अक्कानं रेल्वेचा डबा काढला, कारण मुलगा गेल्यावर हैदराबादहून इकडे येताना त्या डब्यात तिनं पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली होती. तो डबा अगदी गोदरेजच्या कपाटासारखा दिसायचा. नर्सनं कापडाचा हात कापून शिवला. पहिल्या रात्रपाळीत घाबरलेली असताना एका म्हाताऱ्या पेशंटनंच तिचा हात धरून ठेवला होता. अक्काच्या सासूबाईंनी विहीर काढली आणि कारण सांगितलंच नाही. “माझं मला माहीत आहे,” असं तेलुगूत म्हणाल्या. आम्ही हसून हसून लोळलो. पण हे सगळं ऐकताना माझ्या लक्षात आलं, की ह्या बायकांची निम्मी दुःखं मला आज कळताहेत, तीही सुईदोऱ्यामुळं.

माझा चौकोन मात्र कोराच राहिला. काय काढायचं ते मला माहीत होतं, पण सुई टोचली की हात थांबायचा. पांढरं कापड तसंच लावून टाकलं.

जोडकाम अक्कानं शिकवलं. तिच्या गावच्या मंडळीत एका परदेशी जोडप्यानं बायकांना अशी रजई शिकवली होती. खाली कापड, मध्ये पिंजलेला कापूस, वर कापड, आणि टाके न घालता लोकरीच्या गाठी मारत जायचं. पटकन होतं. आम्हीही पटापट, लांब लांब गाठी मारल्या आणि स्वतःवर खूश झालो. मग लावायच्या आधी तिच्यावर सांबार सांडलं. नर्सबाईंनी ती भिजवली, धोपटली, पिळली. वाळल्यावर पाहतो तर सगळा कापूस गोळा होऊन कोपऱ्यांत बसलेला. अक्काच्या डब्याला गळवं आली होती.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण आईच्या गोधड्यांचं कौतुक मीच सांगत असे. मला तर साधी शिवण धड येत नव्हती. आईनं सुई कधी हातात दिली असेल तर शपथ!

मी ती गोधडी कापडात बांधली आणि यांच्या हातात दिली. म्हटलं, पामला नेऊन आईच्या ओटीवर ठेवा. काही बोलू नका. मी काय करायला निघालेय हे मला चांगलं कळत होतं. तिनं ती तशीच परत पाठवली असती, तर मी पुन्हा माहेरची पायरी चढले नसते. आणि ती पण आली नसती. आमचा स्वभाव मला माहीत आहे.

हे परत आले. “काय म्हणाली?” “काही नाही. गाठोडं सोडलं, बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.”

मग काहीच नाही. गणपती गेले, गौरी गेल्या. मला बोलावणं नव्हतं. नवरात्र गेलं. दिवाळीत वहिनीनं करंज्या पाठवल्या, पण गोधडीचं नाव नाही. अक्का म्हणायची, प्रार्थना कर. मी करायचे, आणि प्रार्थनेतसुद्धा आईशी भांडायचे.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. आम्ही अक्काच्या हॉलमध्ये सतरंज्या घालत होतो. दार वाजलं. दारात आई. काखेत गाठोडं, हातात थर्मास, कपाळावर भलं मोठं कुंकू.

आत येऊन तिनं भिंतीवरचा डाग बघितला, मग मला बघितलं. थर्मासचं झाकण काढून त्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढं धरलं. वाफ आली. गवती चहाचा वास आला. पण तो महिन्याचा पहिला रविवार होता, उपास चालू होता, आणि आमच्या उपासाला पाणीसुद्धा चालत नाही. वर्षानं आई आली आणि पुन्हा मी तिला नाही म्हणणार होते!

“आई,” मी म्हटलं, “आज माझा उपास आहे. सभा झाल्यावर सुटेल.”

“उपास?” आईचा हात थांबला. “निर्जळी? हरतालकेसारका?”

“हो. तसाच.”

“मग आसं सांग ना!” आई केवढ्यांदा ओरडली. “उपासाला मी कवा मोडता घातलाय? माजा जनम गेला उपासात. आनि तो चाय नको, ते पन व्रतच काय तुमचं?”

“व्रतच. जन्मभराचं.”

“तवा तोंड शिवलं होतं तुजं? व्रत हाय म्हटलं आसतंस तर मी कप पुडं केला आसता?”

“तू सांगू कुठं दिलंस? आत निघून गेलीस ती गेलीस.”

“तू तरी थांबली काय? माजीच लेक ती!”

असं म्हणून तिनं चहा परत थर्मासमध्ये ओतला, फिरकी घट्ट केली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. वर्षभराचं भांडण तिनं उभ्याउभ्या मिटवलं होतं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

तिनं गाठोडं सोडलं तेव्हा आम्ही चौघी वाकून बघत होतो. आमच्या गाठी सगळ्या गेल्या होत्या. कापूस पुन्हा पसरून, कडेपासून आत फेर घेत तिनं बारीक धावदोरा घातला होता. डब्याच्या भोवती, हाताच्या बोटांमधून, विहिरीच्या काठानं. चित्रांना कुठं धक्का नव्हता. आणि माझ्या कोऱ्या चौकोनात एक छोटं पिवळं दुपटं होतं. पुरं झालेलं. चारी कोपऱ्यांना लाल फुल्या.

मी हात लावला.

सभा सुरू झाली. पाव-पाणी झालं. नर्स बोलली, अक्काचे यजमान बोलले. मग आई उठून उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

“मी तुमच्यातली नाय,” ती म्हणाली. “मी माज्या गनपतीची, माज्या गौरीची. पन इथं आपलं सोताचं सांगायचं आसतं म्हने, तर मी पन सांगते.”

तिचं बोलणं निम्म्यांना कळणार नाही म्हणून मी हळूच हिंदीत सांगायला लागले. “तू गप बस,” आई म्हणाली. “त्यांना कळतंय.”

“हिची पोर गेली तवा मी हिच्याजवल बसले नाय. मला बसवलंच नाय. मी वाडीत जाऊन केलीला पानी घालीत ऱ्हायले. ही बाई बसली,” तिनं अक्काकडे बोट केलं. “ते काम माजं होतं. हिनं केलं. हिचा देव कोन ते मला नाय म्हाईत, पन तो हिला जिना उतरून खाली पाटवत होता, येवडं मला दिसतंय.”

अक्का तोंडाला पदर लावून बसली होती.

“ती पोर परत भेटनार, आसं हिला सांगितलंय. मला नाय म्हाईत, मी शिकलेली नाय. पन भेटली तर उगडी नको. म्हनून दुपटं पुरं केलं.”

आणि ती खाली बसली. आमच्यात शेवटी सगळे ‘आमेन’ म्हणतात. त्या दिवशी अक्काच्या सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाल्या.

यांनी आणि अक्काच्या यजमानांनी लगेच स्टुलावर चढून गोधडी भिंतीला लावली. डाग दिसेनासा झाला. आई खालून ‘उजवीकडं घे, उजवीकडं’ करत होती. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे मी यांच्यासमोर सांगते.

मग आईनं थर्मास उघडला. सगळ्यांना दिलं आणि शेवटी माझ्यापुढं कप धरला, गौरीच्या दिवशी धरला होता तसाच. “नुसती पात हाय,” ती म्हणाली, “आनि आलं. पावडर नाय घातली. तुज्या वहिनीला विचार, चार डाव करून बगितलं मी.”

म्हणजे भांडण मिटायच्या आधीच, घरून निघताना, तिनं चहाची पावडर डब्यातच राहू दिली होती.

मी कप दोन्ही हातांनी घेतला. साखर भयंकर झाली होती. मी आणखी एक कप मागितला.