कडबनवाडीच्या माळावरचा धबधबा

सरळच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. इंदापुरात ठिबकच्या सामानाचं दुकान, आणि सुट्टीला कॅमेरा घेऊन माळावर फिरायचा नाद. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

आई वेल्ह्याकडची, डोंगरातल्या धबधब्याजवळ वाढलेली. लग्न होऊन वरकुट्याला आली, सगळा जन्म उसा-केळीत गेला, पण तिच्या मनातला डोंगर काही हलला नाही. गेल्या वर्षी तिचं हृदय फारच थकलं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास, घाट, सगळं बंद केलं. तिचं मात्र एकच — "एकदा तेवढा आमचा धबधबा दाव रं."

ते जमणार नव्हतं. मग चैत्रातल्या एका सकाळी तिला गाडीत बसवून कडबनवाडीच्या माळावर नेलं. म्हटलं, निदान चिंकारा तरी बघेल.

वाळलेल्या गवतात चिंकाऱ्यांचा छोटा कळप अगदी जवळ चरत होता. अचानक सगळ्यांनी माना वर केल्या... आमच्याकडे नाही, पलीकडच्या टेकाडाकडे.

"पाणी पडतंय," आई म्हणाली.

मी हसणार होतो. पण मलाही ऐकू आलं — उंचावरून कातळावर कोसळणारं पाणी. आणि त्यात एक रेंगाळणारी शीळ. कस्तूर पक्ष्याची! सह्याद्रीच्या ओल्या घळींमध्ये ऐकलीय मी ती. आमच्या माळावर कधीच नाही. टेकाडावर पांढरं धुकं उतरलं होतं, आणि चिंकारे एकेक करून त्यात शिरत होते.

गाडीचं दार वाजलं. घरात भिंत धरून चालणारी माझी आई गवतातून सरळ चालत निघाली होती! मला धावायचं होतं, पण अंग हलेना. भीती अशी नव्हती... पहाटेच्या झोपेत असतं तसं काहीतरी.

धुकं विरलं तेव्हा ऊन तापलं होतं. मी धावलो. टेकाडामागं बोरीच्या सावलीत आई निवांत बसलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, गारेगार. भोवती मात्र जमीन भेगाळलेली. सगळीकडे हिंडलो, साधं डबकंसुद्धा सापडलं नाही.

घरी बायको चिडली, "अहो, आईंना पाण्यात कशाला नेलंत?"

त्यानंतर आईनं धबधब्याचं नाव काढलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ती झोपेतच गेली. त्याआधी एका संध्याकाळी मी तिला विचारलं होतं, "आई, मला का न्हाय नेलंस?"

"आरं, हाक मारली की तुला," ती सहज म्हणाली. "तूच म्हणालास, तू हो फुडं, मी येतो."

त्या सकाळी ती चालत निघाली तेव्हा माझ्या तोंडून एक शब्दही फुटला नव्हता. तिला 'हो फुडं' कोण म्हणालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.