आत्याचं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ कशाला बोलतोय — तेही धड सांगता येणार नाही.

इटलीतल्या एका लहानशा खाजगी विद्यापीठात मी व्यवस्थापन शिकलो. वर्गात सगळी कारखानदारांची मुलं. केज तालुक्यातला मी तिथं कसा पोचलो? आत्यामुळे. म्हणजे — तिनं पाठवलं म्हणून नव्हे.

दुष्काळात आत्यानं गावात बायकांची दूध संस्था काढली. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्या, असं काही घरांनी सुचवलं, तेव्हा ती आडवी उभी राहिली. "दूध एकाच कॅनात जाईल, न्हाईतर डेरीला कुलूप." शेवटी एकाच कॅनात गेलं. चाराही सगळ्यांनी मिळून आणला. त्या उन्हाळ्यात गावातलं एकही जनावर बाजारात गेलं नाही.

प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे सगळं सांगितलं. फक्त आत्याच्या जागी — मी होतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर? पण माझ्या प्राध्यापक बाई संस्था बघायला गावात आल्या. दुभाषी मीच. एकच कॅन ठेवायचं कुणी ठरवलं, असं त्यांनी आत्याला विचारलं. मी ते मराठीत सांगितलं. आत्या आधी लाजली, मग मान वर करून म्हणाली, "म्या. लई शिव्या खाल्ल्या, पन हटले न्हाई."

मी बाईंना सांगितलं — ती म्हणते, माझ्या भाच्यानं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. आत्याला वाटलं, आपल्यासाठी. तिनं हात जोडले.

"काय म्हनली रं बाई?"

"तुझं कौतुक करतेय."

आणि खरं पाप तर पुढंच आहे.

पुन्हा दुष्काळ पडला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. बाईंचा फोन आला. विद्यापीठाची मुलं गावात येऊन राहतील, चाऱ्याचा खर्च विद्यापीठ करेल. सोबत मराठी येणारी एक मुलगी असेल. मराठी येणारी! ती आत्याशी बोलली तर?

मी म्हणालो, संस्था केव्हाच बंद पडली, येऊ नका.

संस्था चालू होती. त्या सकाळीही दूध गोळा झालं होतं.

चारा संपला, जनावरं बाजारात गेली, आणि मग खरंच कुलूप लागलं. उतारवयात आत्यानं हातात कोयता घेतला, ऊसतोडीला गेली. फडावरच्या पाचटाच्या कोपीत तापानं गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात संस्थेतल्या बायका रडत बोलल्या — आमच्या डेरीवाल्या बाईचं नाव पार इटलीत गेलं. मग दोन शब्द बोलायला मला उभं केलं.

मी म्हणालो, "हो. तिथं सगळे तिला ओळखतात."