सुक्या रस्त्यावरची ओली भेग

नाईक यशवंत गायकवाड, राहणार बुवापाडा, अंबरनाथ. आधी हे नाव लिहितो, मग बाकीचं. हा माणूस नसता तर माझी फौजेतली नोकरी कुकहाऊसमध्ये कांदे कापण्यात गेली असती.

मी चंद्रपूरकडचा. सातवीत शाळा सुटली. भरती झालो, ट्रेनिंग झालं आणि इंजिनिअर्सच्या एका छोट्या तुकडीत पोस्टिंग मिळालं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे आमचा तळ होता. ऐंशी सालानंतरची गोष्ट. काम काय, तर आमच्या स्टोअरपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा डांबरी रस्ता सांभाळायचा. लढाईची गोष्ट ऐकायला बसलेली माणसं हे ऐकून हिरमुसतात. पण तोफ असो की तांदूळ, जातं सगळं रस्त्यावरूनच.

सकाळी पीटी, मग फॉल-इन, मग चुन्याची पिशवी घेऊन रस्त्यावर. भेग दिसली की खूण करायची. खड्डा दिसला की कडा चौकोनी कापायच्या, झाडून कोरडा करायचा, डांबर शिंपडायचं, खडी भरायची, जड धुमसानं ठोकून बसवायची. नुसती खडी ओतून पुढं गेलं तर आठवड्यात खड्डा परत हजर.

सुभेदार कदम साहेबांची मात्र स्वतःची एक परीक्षा होती. काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास हातात धरून ते जीपमध्ये बसत. चहा सांडला की ब्रेक, आणि सांडला तिथं खूण. शेवटपर्यंत सांडला नाही तर रस्ता पास आणि चहा साहेबांच्या पोटात. जीप गायकवाड चालवायचा. चंद्रपूर म्हणजे जुनं चांदा, म्हणून माझं नाव त्यानं चांद्या ठेवलं होतं.

मला सगळ्याची भीती वाटायची. साहेबांची, वायरलेस सेटची, गाव आठवायचीसुद्धा. दर रविवारी गायकवाड मला घरी जेवायला न्यायचा. त्याच्या दाराशी गल्लीत एक मोठा खड्डा होता. त्याची आई भाकरी वाढता वाढता म्हणायची, "अख्ख्या फौजेचे रस्ते करतात, आन् माझ्या दारात डबकं!"

"आये, पुढच्या सुट्टीत भरतो."

"मागच्या सुट्टीत पण हेच बोलला होतास. तू जेव रे चांद्या, याचं काय ऐकतोस."

रस्ता ओळखायला त्यानंच शिकवलं. "पाऊस थांबला की पळत सुटू नको. एक चहा पी, मग बघ. रस्ता सुकतो, भेग सुकत नाय. आतून पाणी येत असेल तर ती काळीच राहते."

त्या पावसाळ्यात ऑर्डर आली. दुसऱ्या दिवशी पुलाचे लोखंडी भाग घेऊन ट्रेलर निघणार. घाटावर पूल वाहून गेला होता, पलीकडची गावं अडकली होती. ट्रेलर अडला असता तर मागच्या गाड्यांचा सगळा कॉन्वॉय अडला असता.

साहेब ग्लास घेऊन फिरून आले. एक थेंब सांडला नव्हता. फॉल-इनमध्ये म्हणाले, "रस्ता पास. कुणाला काही बोलायचंय?"

मला बोलायचं होतं. चिखलोलीच्या बाजूला, रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीजवळ मगरीच्या पाठीसारख्या बारीक भेगा होत्या. उन्हानं बाकी रस्ता सुकला होता, त्या ओल्याच होत्या. पण साहेबांनी पास केलेला रस्ता सातवी शिकलेल्या साध्या सॅपर जवानानं नापास कसा करायचा? मी बुटाकडं बघत राहिलो.

"साहेब, चांद्याला बोलायचंय," गायकवाड म्हणाला.

मी एक पाऊल पुढं आलो. "साहेब, मोरीपाशी भेग ओली हाये."

"चहा सांडला का तिथं?"

"नाही, साहेब."

"मग? खोटं निघालं तर कुकहाऊसला जाशील."

"दोघं जाऊ, साहेब," गायकवाड म्हणाला. "मी कांदे बरे कापतो."

साहेब हसले नाहीत. खडीनं भरलेला ट्रक मागवला. मी रस्त्यावर पालथा पडलो, गाल डांबराला लावला आणि चाकाकडं बघत राहिलो. ट्रक हळूहळू भेगांवर आला. रस्ता दबला. भेगेतून पांढरट चिखलाची पिचकारी उडाली ती थेट साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटावर.

साहेब बुटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खोदा."

मोरीलगतचा चर मातीनं बुजला होता आणि पाणी रस्त्याच्या पोटात शिरत होतं. आधी चर मोकळा केला. चिखल काढून कडक मुरूम लागेपर्यंत खोदलं, दगड भरला, धुमसला. आता डांबर तापवायचं तर लाकडं भिजलेली. नुसता धूर.

गायकवाड गाडी घेऊन उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेला. परत आला तेव्हा गाडीत सागाचे तुकडे, पलंगाचे पाय आणि एक तुटकी खुर्ची.

"सिंधी शेठ काय म्हणाला माहितेय? 'साईं, लकडी सूखी है, ले जाओ. बस, सडक टूटी तो मेरे पलंग का नाम मत लेना!'"

पलंगाच्या पायांवर डांबर उकळलं. अंधार पडायच्या आत रोलर फिरला.

दुसऱ्या दिवशी मला सेट देऊन मोरीवर उभं केलं.

"पहिला ट्रेलर मोरीवर. ओव्हर."

"रस्ता? ओव्हर." साहेबांचा आवाज.

चाक गेलं. मी खाली वाकून बघितलं. एक थेंबही वर आला नव्हता.

"रस्ता गप्प आहे, साहेब. ओव्हर."

सगळे ट्रेलर गेले. त्या दिवशी साहेबांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पी." पुढं माझी ट्रेड टेस्ट झाली, दंडावर पट्टी मिळाली, घरी पक्कं छप्पर झालं. सुरुवात त्या ग्लासापासून.

गायकवाडची बदली उत्तरेत पहाडात झाली. तिथं दरड हटवून अडकलेल्या बसला वाट करून देत होता. बस निघाली. वरून दुसरी दरड त्याच्यावर आली. आम्हाला सेटवर कळलं. साहेबांनी निरोप पुन्हा सांगायला लावला, मग टोपी काढली.

मी आता पेन्शनवर आहे. आये बुवापाड्यातच असते. गेल्या दिवाळीत भेटून आलो. दारातलं डबकं तसंच आहे. त्यात पाय टाकूनच आत गेलो. या वर्षी पाऊस सरला, जमीन कोरडी झाली की मी पहार आणि धुमस घेऊन अंबरनाथला जाणार आहे. कडा चौकोनी कापीन, पाण्याला वाट करून देईन, मगच भरीन. यशवंता, तुझी सुट्टी मी घेतो.